वसईचं वऱ्हाड, पुण्याचा उपासकाळ

मारीचं लग्न पुण्यात करायचं ठरलं आणि मी वसईभर सांगत सुटलो. पेशव्यांचं पुणं बघायला मिळणार, तेही लेकीच्या निमित्तानं! होणारा जावई पेद्रू तिथल्या तोफखान्यात गोलंदाज. त्याला रजा मिळेना. आमचे पाद्रीबाबा वर्षातून एकदा पुण्याच्या ख्रिस्ती गोलंदाजांकडे जातात, म्हणून त्यांच्याबरोबरच निघालो. व्याह्यांना निरोप धाडला होता: लग्न उपासकाळाच्या आधीच्या रविवारी. ईस्टरपूर्वीच्या त्या चाळीस दिवसांत आमच्यात मांस नाही, वाजंत्री नाही, लग्न तर नाहीच.

तुम्हीही जाणार असाल तर कल्याणपर्यंत नावेनंच जा, भाडं थोडं आणि बैलांचे हाल नाहीत. भरतीची वेळ मात्र आधी विचारून ठेवा. शिदोरीला सुकेळी घ्या, ही सुकवलेली केळी आठवडाभर टिकतात. पुढे खोपोलीपर्यंत गाडी मिळते. बोरघाट पायीच चढावा लागतो.

घाटाच्या पायथ्याशीच आमचं घोडं अडलं. सरकारी तोफा वर चढत होत्या, तोवर हवालदारानं बाकीच्यांची वाट बंद केलेली. रविवार तिथंच गेला. पाद्रीबाबा जपमाळ ओढत बसले आणि मी जळफळत फेऱ्या मारत होतो.

"अरे, देवाला वाट ठाऊक आहे," ते म्हणाले.

"देवाला ठाऊक आहे हो, पण हवालदाराला कुठे ठाऊक आहे?"

अखेर वर चढलो. काय तो वारा! मागे सगळं कोकण पायाशी पसरलेलं. मारी लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती. वडगावला पिठलं-भाकरी आणि तिखटजाळ ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं तरी दुसऱ्यांदा मागितला. पुण्याच्या नाक्यावर कारकुनानं आमच्या बोचक्याकडे बोट दाखवलं.

"यात काय?"

"सुके बोंबील."

"असं होय! आम्हांला कोसभर आधीच वर्दी मिळाली होती."

पुढे शनिवारवाड्याचा तो दरवाजा! मान दुखेपर्यंत बघत राहिलो. नगारा झडला तेव्हा छातीत धडधडलं. कात्रजहून नळानं आणलेलं पाणी शहरातल्या हौदात पडतं, तेही बघून घ्या. मला तर सगळ्यांना थांबवून सांगावंसं वाटत होतं, माझ्या लेकीचं लग्न आहे इथं!

नागझरीपलीकडे गोलंदाजांची छावणी. मंगळवारी दुपारी पोचलो. व्याही बस्त्याव जमादार दारातच थबकले.

"एवढ्या लवकर? लग्नाला तीन आठवडे आहेत की! पेद्रू तोफा घेऊन पुरंदरला गेलाय, शुक्रवारी येईल."

"लवकर कसले? उद्यापासून उपास," पाद्रीबाबा म्हणाले.

मग घोळ उलगडला. पाद्री जवळ नसतो, म्हणून ही मंडळी शेजारच्या जोशीबुवांना महाशिवरात्र विचारून उपास धरतात. बहुतेक वर्षी ते जुळतंही. पण गेल्या साली अधिक महिना आला, महाशिवरात्र लांबली, आणि यांचे उपासही. त्यात संध्याकाळी हुकूम आला, पेद्रूच्या पथकानं पुढच्या सोमवारी मोहिमेवर कूच करायचं.

"आमच्या हिशोबानं उपास लागलेच नाहीत. शनिवारी लग्न लावून टाका," बस्त्याव हात जोडून म्हणाले. मीही त्यांची री ओढली. खोटं कशाला बोलू, मोहिमेवरून सगळेच परत येत नाहीत.

पाद्रीबाबांनी जपमाळ खाली ठेवली. "अडचण आहे, गाजावाजा न करता लावून देईन," ते म्हणाले. "पण मग या छावणीला उपास पाळा म्हणून सांगायला मला तोंड राहणार नाही. मुलांनाच ठरवू द्या."

बुधवारी अख्ख्या छावणीनं रांगेत उभं राहून उपास लागल्याची खूण म्हणून कपाळाला राख लावून घेतली. लग्नासाठी आणलेला बोकड तेवढा खुशीत होता.

शुक्रवारी पेद्रू आला. धुळीनं माखलेला, पण काय उमदा पोरगा! सगळं ऐकून तो मारीकडे वळला.

"हुकमाआधी तोफेला बत्ती दिली तर आपलीच माणसं मरतात. तिथं शिस्त पाळतो, मग इथं मोडू? तुम्ही थांबाल?"

"थांबेन," मारी म्हणाली. "देवानं जोडलंय, तो बघून घेईल."

मला ओरडावंसं वाटलं. पण दोघांचे चेहरे असे उजळले होते की मी बोचकं बांधायला घेतलं. सोमवारी तोफा निघाल्या आणि आम्ही परतीची वाट धरली.

पुण्याहून काय आणलंस, असं लोक विचारतात. वाड्याचं, हौदांचं मी रंगवून सांगतो. लेक बिनलग्नाची परत आणली हे सांगताना अजून जीभ अडखळते. देवाच्या मनात काय आहे ते मला कळलेलं नाही. मारीसारखा विश्वास मला एका प्रवासात जमला नाही, पण तो कसा असतो ते बघून आलो.

ईस्टरपर्यंत मोहिमेची काहीच खबर आली नाही. त्या सकाळी मारी लग्नासाठी घेतलेलं लाल लुगडं नेसून बाहेर आली. तिची आई दचकली. "अगं, लोक काय म्हणतील? पेद्रू आलाय का?"

"पेद्रू यायचाय, आई. पण प्रभू मरणातून उठलाय ना? चला, घंटा झाली."

आणि ती आमच्या पुढे चालू लागली.