बिननावाचे साडूभाऊ

एक अख्खी भाषा एकट्याने घडवायची आणि त्या भाषेत स्वतः मात्र बिननावाचे राहायचे, हा पराक्रम करणारा मनुष्य जगात एकच झाला असून तो माझा साडू आहे. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. कारण आमच्या साडूभाऊंविषयी औंढ्यापासून सिद्धेश्वरपर्यंत जे सांगितले जाते, त्यातील बहुतेक भाग निराधार आहे. त्यांचा पुतण्या म्हणतो की, काकांनी नागनाथापुढे मौनाचा नवस बोलला होता. खोटे. साडूभाऊ जागेपणी कधी गप्प बसलेले नाहीत. शेजारी म्हणतात, टीव्हीच्या कोपऱ्यात हातवाऱ्यांनी बातम्या देणारी बाई पाहून त्यांना हे सुचले. तेही खोटे. त्यांच्या घरी टीव्ही आला तेव्हा त्यांच्या भाषेतील क्रियापदांचे काळ ठरून गेले होते. खरी हकीकत अशी की, साडूभाऊ धरणाच्या कालव्यावर निरीक्षक होते. पाण्याच्या आवाजात हाक पोहोचत नसे, म्हणून या काठावरची माणसे त्या काठावरच्यांना हात उंचावून सांगत : पाणी सोड, दार पाड, जेवायला चल. ते हात पाहून साडूभाऊंना वाईट वाटे. "शब्द हायेत, पण व्याकरण न्हाई," ते मला म्हणाले होते, "उघड्या लेकरावानी दिसून राहिले ते हात." आणि त्यांनी त्या हातांसाठी व्याकरण शिवायला घेतले. मूकबधिरांच्या शाळेतील एका गुरुजींनी त्यांना समजावले की, अशी भाषा देशात आधीपासून आहे आणि चांगली चालते. त्यावर साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "बाजारात तयार सदरे मिळतेत, म्हणून शिंप्यानं दुकान बंद करावं काय?"

त्या व्याकरणाची थोरवी मी सांगतो, कारण ती सांगू शकेल असा दुसरा मनुष्य तालुक्यात नाही. त्यात भूतकाळ छातीपुढे असतो आणि भविष्यकाळ पाठीमागे. घडून गेलेले आपल्याला दिसते, म्हणून ते पुढे. यायचे असते ते दिसत नाही, म्हणून ते पाठीशी. एकदा औंढ्याच्या बसस्थानकावर त्यांनी वाहकाला उद्याच्या गाडीविषयी हाताने विचारले. हात पाठीमागे नेऊन ते बराच वेळ बोटे हलवीत राहिले, तेव्हा रांगेतल्या एका सज्जनाने पुढे होऊन त्यांची पाठ खाजवून दिली. वडीलधाऱ्यांशी बोलताना खूण कमरेच्या खाली करायची, लहानांशी बोलताना खांद्याच्या वर. आज्ञार्थ त्या भाषेत मुळातच नाही. त्यामुळे चहा हवा असला की साडूभाऊ ‘चहा असता तर’ एवढी खूण करून खिडकीबाहेर पाहत बसत, आणि चहा येत नसे. संध्याकाळी ते धरणाच्या भिंतीवर उभे राहून सराव करीत. समोर पूर्णेचे पाणी तांबूस होत होत जांभळे होई, बगळे परतत, आणि त्या रंगावर त्यांचे दोन हात संथपणे वाक्यामागून वाक्य मांडीत. मला त्या वेळी त्यातले काही कळत नसे. परंतु कोणी तरी फार दूरची, फार जुनी गोष्ट सांगत आहे आणि ती संपू नये, असे वाटत राही.

नावाचा नियम मात्र त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेण्यासाठीच केला असावा. त्या भाषेत कोणालाही स्वतःचे नाव स्वतः ठेवता येत नाही. ते दुसऱ्याने, तुमच्या एखाद्या वागणुकीवरून ठेवायचे. साडूभाऊंनी सगळ्या गावाला नावे दिली. माझे नाव उचललेली मूठ असे आहे. पुतण्या तिचा अर्थ ‘भांडखोर’ असा लावतो. अंगठा आत दुमडलेला असला की त्याच मुठीचा अर्थ ‘ठाम’ होतो, हे त्याला समजण्यासारखे नाही. पण साडूभाऊंना नाव कोण देणार? ती भाषा कोणी मनावरच घेतली नव्हती. मी एक भारदस्त नाव सुचवले. त्यावर ते म्हणाले, "बारशाला नाव आत्या ठेवत असती, साडू न्हाई." मी रागावून नाव परत घेतले असे सांगतात, मी ते राखून ठेवले आहे.

त्यानंतर अक्कांची, म्हणजे त्यांच्या पत्नीची आणि माझ्या थोरल्या मेहुणीची, श्रवणशक्ती हळूहळू गेली. साडूभाऊंनी ही भाषा त्यांच्यासाठीच निर्माण केली, ही गावातील सर्वांत लाडकी कथा आहे आणि सर्वांत खोटी. भाषा कितीतरी आधीची. हिंगोलीहून आणलेले कानाचे यंत्र शिट्ट्या मारू लागले, तेव्हा अक्कांनी ते हळदीच्या डब्यात ठेवून दिले आणि समोरचा काहीही बोलला तरी ‘व्हय’ म्हणण्याचा सोपा मार्ग धरला. एका दुपारी गाद्या पिंजणाऱ्याने दारात येऊन काही विचारले. अक्का ‘व्हय’ म्हणाल्या. मी आणि साडूभाऊ परतलो तेव्हा घरातील एकूण एक गादी उसवलेली होती, अंगणभर कापूस उडत होता, तुळशीवर, दोरीवरच्या लुगड्यांवर, अक्कांच्या केसांवर अलगद उतरत होता, आणि त्या पांढऱ्या धुक्यात अक्का पायरीवर बसून रडत होत्या. साडूभाऊ त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी पहिल्या धड्याची पहिली खूण केली. अक्कांनी तोंड फिरवले. "बहिरी झाले मी, खुळी न्हाई झाले," त्या म्हणाल्या.

तरीही ते रोज समोर बसत, पहिल्या धड्यापासून. अक्का गहू निवडीत राहत. एके दिवशी साडूभाऊ मला खुणांनी त्यांच्या लग्नाची हकीकत सांगत होते आणि वरात बैलगाडीतून आली असे म्हणाले. अक्कांनी सूप खाली ठेवले, हात छातीपुढे आणले आणि अस्खलित खुणांनी सांगितले की, गाडी वाटेत मोडली होती आणि नवरदेव चिखलातून चालत आला होता. इतकी वर्षे चुलीपाशी बसून त्या सगळे पाहत होत्या. साडूभाऊंचा आनंद ओसरला तेव्हा त्यांनी खुणेने एकच मागणे केले : मला नाव असते तर.

"नवऱ्याचं नाव घेत असतेत काय?" अक्का म्हणाल्या. साडूभाऊंनी खुणेने विनवले की, नाव तोंडाने घ्यायचे नसते, हा तर हात आहे. त्यावर अक्का म्हणाल्या, "हात बराबर तोंडच हाय, आसं तुमीच सांगता ना साऱ्या गावाला? मंग नाव त्ये नाव." आपल्याच सिद्धांताने असा पराभूत झालेला वैयाकरणी मी दुसरा पाहिला नाही. ते दोन्ही भाषांत गप्प झाले. धरणावर जाणे थांबले. त्यांचे हात मांडीवर पडून असत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हजर होतो, हे मुद्दाम सांगतो. बायका उखाण्यांत नावे घेत होत्या. अक्कांची पाळी आली तशा साऱ्या अवघडल्या. कारण अक्कांनी हल्ली चारचौघांत बोलणे सोडले होते. अक्का उठल्या. पदर खोचला. पुतण्याची बायको सांगते की त्यांनी कालव्याच्या दाराचे चाक फिरवले. काही जणी सांगतात, मिशी दाखवली. साफ चूक. अक्कांनी दोन बोटांना तळहातावरून चालवले, ती मध्येच थांबवली आणि मागे वळवली. अक्कांना ऐकू येईनासे झाल्यापासून रस्त्याने जाताना साडूभाऊ दोन पावले पुढे असतात, आणि बायको येते आहे ना, मागून वाहन तर नाही, हे पाहायला सारखे थांबून वळतात. ते नाव होते. बायकांना वाटले, अक्का जरा गोंधळल्या. उंबऱ्याशी उभे असलेले साडूभाऊ हळूच खाली बसले. त्यांनी ‘पुन्हा एकदा’ अशी खूण केली, तेव्हा अक्का म्हणाल्या, "आता सणावाराला."

तेव्हापासून आमच्या साडूभाऊंना साऱ्या सणांच्या तिथी पाठ झाल्या आहेत. पण मागच्या उन्हाळ्यात, कसलाही सण नसताना, मी त्यांच्या घरी गेलो होतो. साडूभाऊ ओसरीवर बाजेवर झोपले होते. अक्का शेजारी बसून होत्या. मी फाटकात आहे हे त्यांना कळले नव्हते. त्यांची दोन बोटे तळहातावर चालत होती, थांबत होती, वळत होती, पुन्हा चालत होती. मी चप्पल हातात घेऊन मागे फिरलो. हे मी साडूभाऊंना अद्याप बोललेलो नाही. माझे लेखन अशुद्ध असते म्हणून ते वाचत नाहीत, हे एका परीने बरेच आहे.