चिन्नीच्या घरातलं पोलिश

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या न्हाणीघरातून टाळ्या ऐकू आल्या. तेव्हापासून राजाजीनगरच्या ह्या घरात किस्से साचायला लागले. घर दोन खोल्यांचं, ठेवायचे कुठे? म्हणून सांगून टाकते.

टाळ्या आमच्या ह्यांच्या. मारतहळ्ळीच्या ऑफिसात पोलंडचं काम आलंय, म्हणून हे पोलिश शिकतात. लांब शब्द तोडायचा, एका तुकड्याला एक टाळी. मला काळजी वेगळीच. आमची चिन्नी दोन वर्षांची झाली, अजून एक शब्द बोलत नव्हती. घरात मराठी, दारात कन्नड, टीव्हीवर हिंदी, त्यात हे चौथं! माझा संशय सरळ पोलिशवर.

*

वाचा फुटावी म्हणून सासूबाई चिन्नीच्या जिभेला वेखंड उगाळून लावायच्या. एकदा हे आतल्या खोलीत "को-ते-चेक" करत टाळ्या वाजवत होते. सासूबाईंना वाटलं, लेक देवापुढे बसलाय. त्यांनी बाहेरून ताल धरला आणि टाळ्या थांबल्यावर निरांजन घेऊन आत गेल्या.

ह्यांनी मुकाट्यानं आरती घेतली.

*

मी विचारलं, हे कोतेचेक काय? म्हणाले, कोत म्हणजे मांजर. मांजर लहान असेल तर शब्दाला शेपूट जोडायचं, कोतेक. आणखी लहान, तर आणखी शेपूट, कोतेचेक.

"म्हणजे मांजर लहान होतं आणि शब्द लांब होतो?"

"हो."

"ह्या लोकांपासून जपून राहा," मी म्हटलं.

*

एक शब्द तर कोन्स्तान्तिनोपोलितान्चिकोव्यानेच्का! पुढे शहर, त्याला जोडून शहरातला माणूस, त्याला जोडून त्याची लेक, मग ती लेक लहान. अख्खं बिऱ्हाड एका शब्दात. "ह्यात सून कुठे बसते?" मी विचारलं.

ह्यांनी पुस्तक चाळलं. अजून चाळतायत.

*

शिकवणारी बाई लॅपटॉपवर येते. ह्यांनी शब्द नीट तोडला की हसते. इतकं हसण्यासारखं काय असतं? मी चिन्नीला कडेवर घेऊन मागे उभी राहायची. पण शेजारच्या मंजुळाक्कांनी बजावलेलं, पोरीला पोलिश ऐकू देऊ नको, स्वल्प सांभाळ. नवऱ्यावर नजर ठेवू की पोरीचे कान झाकू? मी दोन्ही केलं.

शेवटी बाईनं ह्यांना विचारलं, मुलीचे कान दुखतात का?

*

डॉक्टर म्हणाले होते, थोडी वाट बघू. मी वाट बघत होते म्हणजे रोज तिच्या तोंडाकडे बघत होते. परवा रविवारी ह्यांनी तोच मोठा शब्द काढला. कोन्, टाळी. स्तान्, टाळी. ति, नो, पो... चिन्नी खेळ सोडून उठली. बापाजवळ गेली. त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली,

"साकु."

साकु म्हणजे पुरे. कन्नडमध्ये.

ह्यांनी हात सोडवून घेतले नाहीत. पहिला शब्द 'आजी' होता, असं सासूबाई गल्लीभर सांगतायत. सांगू देत.

बनशंकरीकडे कोणी जाणार असाल तर देवळामागच्या माझ्या माहेरी एवढा निरोप द्या, चिन्नी बोलली.