तळेगावच्या रेडिओचा फ्यूज

वर्ध्याच्या एका रेडिओ दुकानदार शेठने तळेगावच्या ग्रामपंचायतीला फसवले, आणि सेट जाळणारा मिस्त्री म्हणून नाव माझे झाले.

बाजाराचा दिवस होता. भर चावडीत मी रेडिओला नवा फ्यूज लावला, स्विच दाबला, फ्यूज उडाला. दुसरा लावला, तोही गेला. फ्यूजच्या जागी आधी तांब्याची जाड तार होती; ती मीच काढून टाकली होती. सरपंच आबाजींनी ती उचलून माझ्यापुढे धरली.

"शेठची तार होती तं गात होता. तुह्या फ्यूजनं मेला. आता बोल."

मी बोललो, पण आवाज चढवून. निम्मी चावडी तिथेच माझ्या विरोधात गेली.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. तळेगावात वीज नव्हती. चावडीतला सेट मोटारीच्या बॅटरीवर चाले, आणि लोक त्यावर नागपूरहून येणारे कापसाचे भाव ऐकत. सेट शेठच्याच दुकानातला. दर काही आठवड्यांनी बंद पडे आणि शेठ येऊन नवा व्हायब्रेटर बसवून जाई. शेवटी कंटाळून आबाजींनी मला बोलावले. मी नालवाडीचा. सायकलींचे पंक्चर काढता काढता रेडिओ शिकलो. शिकवणारा कोणी नव्हता, म्हणून कोणाचे ऐकून घ्यायची सवयही नव्हती.

चावडीत आमचे वाजले होते, तेवढ्यात शेठ आला, पिशवीत व्हायब्रेटर घेऊनच. आल्या आल्या म्हणाला, मिस्त्रीने सेट जाळला. आर्वीपर्यंतच्या गावांतले बॅटरी सेट माझ्याकडे दुरुस्तीला येत. बाजारात बोललेली गोष्ट संध्याकाळपर्यंत त्या सगळ्या गावांत पोचणार, हे त्यालाही माहीत होते.

आता व्हायब्रेटर म्हणजे काय ते सांगतो. बॅटरी देते सहा व्होल्ट, रेडिओच्या व्हॉल्व्हना लागतात दोनशेच्या वर. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट वाढवतो, पण बॅटरीचा सरळ करंट त्याला चालत नाही. तो तोडून तोडून द्यावा लागतो. व्हायब्रेटरमधली पोलादी पट्टी गुणगुणत तेच करते. प्रत्येक तोडीला ट्रान्सफॉर्मर उलटा झटका मारतो. तो झटका सोसायला एक कंडेन्सर असतो. तो कच्चा निघाला की फुटतो, आतून शॉर्ट होतो, आणि पट्टीचे पॉइंट जादा करंटने जळतात. दोष कंडेन्सरचा, मरतो व्हायब्रेटर. फ्यूज हे सगळे सुरुवातीलाच थांबवतो. म्हणूनच कोणीतरी तिथे तार घातली होती. तारेवर सेट थोडे दिवस कण्हत चाले, मग नवा व्हायब्रेटर खपे.

मी सौदा टाकला. हरलो तर माझी हत्यारांची पेटी चावडीत राहील. जिंकलो तर मिस्त्रीचा फ्यूज खरा होता, हे शेठने भर बाजारात सांगायचे. शेठ म्हणाला, चावडीत सांगीन. मी म्हटले, बाजारात. तो दारापर्यंत आला. मी पायरीवर उतरलो. पायरीवर उभे राहून, बाजाराकडे तोंड करून, असे ठरले. आबाजी साक्षीला.

बॅटरी आणि सेट यांच्या मध्ये मी मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब जोडला. सेट जादा करंट ओढत असेल तर बल्ब लख्ख पेटतो, ठीक असेल तर मंद राहतो. स्विच दाबला. बल्बने डोळे दिपले.

"रेडिओ नाई तं नाई," कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "कंदील तं झाला."

चावडी हसली. मी हसलो नाही. स्विच बंद करून कंडेन्सरचा एक पाय कापला, पुन्हा दाबला. बल्ब मंद झाला आणि पट्टी गुणगुणायला लागली. लगेच बंद केला, कारण कंडेन्सरशिवाय चालवला तर पॉइंट जळतात.

कापलेला कंडेन्सर आबाजींच्या हातात दिला. तिथे सोळाशे व्होल्टचा लागतो. यावर सहाशे छापलेले. कंपनीच्या जोडांवर लाल लाख होती, याच्या जोडावर डाखाचा ओबडधोबड गोळा, म्हणजे नंतर कोणीतरी बदललेला.

"कंपनीतून असाच आला असंल," शेठ म्हणाला.

"अन् तार? तेही कंपनीतून आली?" आबाजींनी विचारले. "तुमच्याशिवाय याले कोनी हात लावला नाई, शेठ."

पेटीतला सोळाशेचा कंडेन्सर मी बसवला, फ्यूज लावला. या वेळी तो टिकला. सेट खणखणीत बोलू लागला, नेमके कापसाचे भाव. सगळे कान तिकडे वळले. शेठ म्हणाला, वर्ध्याची मोटार चुकेल. त्याच पायरीवरून उतरला आणि ठरलेले न सांगताच गेला.

तळेगावचे काम माझ्याकडे राहिले. आर्वीला मात्र शेठची आधीची बातमीच पोचली, आणि तिकडचे सेट येणे बंद झाले. फ्यूज उडतो तेव्हा तो आपले काम करत असतो, हे लोकांना पटवणे सेट दुरुस्त करण्यापेक्षा अवघड आहे.

ती तार अजून माझ्याकडे आहे. शेठने तळेगावच्या त्या पायरीवर यावे, बाजाराकडे तोंड करावे आणि ती कोणी लावली ते सांगावे. सौदा झाला होता.