लिनक्सचं नाव बदललं तेव्हा

रविवारी दुपारी प्रताप नगरच्या आमच्या घरी मी डायनिंग टेबलवर जुना लॅपटॉप घेऊन हट्टाला पेटले होते. संध्याकाळी सासूबाईंचा मोडी लिपीचा ऑनलाइन क्लास सुरू होणार होता, आणि फोनवर त्यांना अक्षरांची वळणं दिसतच नव्हती.

त्यांचे वडील मोडी वाचायचे. लेकीचं शिकायचं मात्र राहूनच गेलं... ते आता या वयात जमून येत होतं.

लॅपटॉपवरचं विंडोज फारच रखडायचं, म्हणून सकाळी ते पुसून मी त्याच्या जागी लिनक्स टाकलं, फुकट मिळणारी हलकी सिस्टीम. इन्स्टॉल एकदम मख्खन झालं. रीस्टार्ट केलं तर काळा स्क्रीन... चालू करण्यासारखं काही सापडत नाही म्हणे.

परत केलं, परत तेच. नवरा "भंगारात दे" असं सांगून कूलरसमोर आडवा झाला.

बरंच शोधल्यावर कळलं, घोळ फर्मवेअरमध्ये आहे. म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होतो तो प्रोग्राम. आमचा हा शहाणा फक्त विंडोजच्या नावाची फाईल शोधायचा. लिनक्स शेजारीच बसलेलं, पण याला ओळखच नाही. बरं, फर्मवेअर अपडेट करावं तर त्यालाही विंडोज हवं... माझं डोकंच फिरलं.

सासूबाई समोर बसून वड्यांसाठी सांबार निवडत होत्या. (सांबार म्हणजे कोथिंबीर, पुणेकरांसाठी सांगते.)

"काहून वं, चालू होऊन नाही राहिलं का? राहू दे. नाही शिकली मोडी तर काय बिघडते?"

त्या सहज बोलल्या, पण पाटी-पेन्सिल कधीची आणून ठेवली होती. मला फार वाईट वाटलं.

म्हटलं, "आई, याला एकच नाव ओळखता येतं हो. दुसऱ्या नावाला हा दारच उघडत नाही."

"मंग नाव बदलून टाक न त्याचं. माहं नाही बदललं का लग्नात? ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिवलं, अन् झाली कुसुमची सुनंदा."

मी हसले... आणि हसता हसता थांबले.

पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला. लिनक्सच्या फाईलची कॉपी काढली, तिला विंडोजचं नाव दिलं आणि फर्मवेअर जिथे शोधतं तिथेच नेऊन ठेवली. रीस्टार्ट केलं... आणि चालू झालं की हो!

सासूबाईंनी चष्मा लावून स्क्रीन पाहिला. "पण आतमंधी तेच आहे न, तू टाकलेलं?"

"हो आई. आत तेच आहे."

त्या परत सांबार निवडायला लागल्या. मी मात्र तिथेच अडकले होते. इतकी वर्षं या घरात राहून त्यांचं माहेरचं नाव मला आज कळत होतं, तेही एका बिघडलेल्या लॅपटॉपमुळे.

संध्याकाळी क्लासच्या स्क्रीनवर नाव विचारलं. मी सवयीने 'सुनंदा' टाइप करायला घेतलं, तर त्यांनी माझा हात धरला. "कुसुम लिही," म्हणाल्या.

शिकवणाऱ्या बाईंनी एकेकाला हाक मारली. "कुसुमताई?" सासूबाई पदर सारखा करून सरळ बसल्या. "आहे," म्हणाल्या... अगदी शाळेतल्या मुलीच्या आवाजात.

फर्मवेअरमधला तो बग अजून तसाच आहे. राहू दे... त्याच्यामुळेच मला कुसुम भेटली.