पाचांत तीन सौदी

गुरुवारी आम्ही सोळा पॉइंट्सनी जिंकलो आणि रविवारी तक्त्यात हरलेलो दिसलो. ०–२०.

स्कोअर मी स्वतः लिहिला होता. ६४–४८. माझ्या पेनाने, माझ्या अक्षरात. मग हा शून्य आला कुठून? अहो, बास्केटबॉलमध्ये शून्यावर राहणं सोपं नाही. दहा पोरं चाळीस मिनिटं पळतात, चुकून का होईना, एखादा बॉल आत जातोच.

मी मूळ नाशिकचा, आडनाव खैरनार. इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. प्लांटमध्ये प्रेशर, टेंपरेचर, फ्लो मोजणारी यंत्रं असतात. ती बरोबर मोजतात की थापा मारतात हे तपासणं माझा धंदा. सौदीतल्या अबकैकजवळच्या एका छोट्या खासगी टेक्निकल कॉलेजात मी तेच शिकवायचो. सौदायझेशन जोरात होतं. म्हणजे प्रत्येक कंपनीत ठरावीक टक्के माणसं सौदी पाहिजेत. टक्के भरले तर कंपनी हिरवी, नाही भरले तर पिवळी, मग लाल. लाल झाली की नवीन व्हिसे बंद. आमचं कॉलेज सौदी मुलांना तयार करायचं. थोडी परदेशी मुलंही असायची. उद्या माझ्या खुर्चीत बसणारा आज माझ्यासमोर बाकावर बसून जांभया देतोय, हे मला माहीत होतं. नोकरी होती, करत होतो.

बास्केटबॉल गळ्यात पडलं ते माझ्याच तोंडाने. आमच्या भागातल्या पाच छोट्या कॉलेजांनी मिळून लीग सुरू केली होती: अबकैक, हफूफ, जुबैल, खोबर आणि दम्माम. दर आठवड्याला दोन मॅच, एका कॉलेजला सुट्टी. आमचे मुदीर, म्हणजे प्रिन्सिपल, डॉ. सालेह. त्यांच्यासमोर मी एकदा बोलून गेलो की नाशिकला कॉलेजात असताना मी टीममध्ये होतो. माझी उंची पाच फूट चार इंच. टीममध्ये होतो म्हणजे स्कोअर लिहायला होतो. पण हे सांगायच्या आतच ते म्हणाले, "खलास. मुहंदिस खैर, लीगचा तक्ता तुमच्याकडे."

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर, आणि खैर म्हणजे माझं उरलेलं आडनाव.

तर तो शून्य. आधी मला वाटलं एक्सेलचा फॉर्म्युला बिघडला. मी स्कोअर भरून दम्मामला लीगच्या कमिटीकडे पाठवायचो, ते शिक्का मारून परत पाठवायचे. फॉर्म्युला तपासला, ठीक होता. आमच्या टीमचा कोच आर्नेल, लॅब टेक्निशियन, फिलिपिन्सचा. त्याला विचारलं.

"सर, आपण जिंकलो. मी बघितलंय."

"मीही बघितलंय रे. पण कमिटीने काय बघितलं?"

पुढच्या आठवड्यात आम्हाला सुट्टी होती, म्हणून मी बाकीच्या टीम्सच्या मागे लागलो. हफूफची मॅच बघायला खोबरला गेलो. हफूफची पोरं फार गोड. बॉल हातात आला की आधी एकमेकांकडे बघायची, मग पास द्यायची, तोही समोरच्या टीमला. एकवीस पॉइंट्सनी हरली. रविवारी तक्ता आला. हफूफ विजयी, २०–०. दोन मॅच खेळले, दोन्ही हरले आणि पाच टीम्समध्ये पहिले! डोकं चालेना. तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली, पण उलटं मोजणारं यंत्र पहिल्यांदाच बघत होतो.

शेवटी कमिटीच्या अबू फहदला फोन लावला. हा गृहस्थ अतिशय प्रेमळ. पाच मिनिटं माझी, बायकोची, मुलीची, तब्येतीची चौकशी. मग म्हणाला, "निसबा, या मुहंदिस! निसबा!"

निसबा म्हणजे टक्केवारी, आणि 'या' म्हणजे अरबीतलं 'अहो'. या वर्षी कमिटीने नवा नियम केला होता. मैदानावरच्या पाचांत कायम तीन सौदी पाहिजेत, शेवटच्या शिट्टीपर्यंत. एक मिनिटभर जरी कमी पडले तरी मॅच ०–२०ने गेली, स्कोअर काहीही असो. कोण आत होतं ते रेफरी कमिटीला कळवायचे. असं तीनदा झालं तर टीम सीझनमधून बाहेर. हफूफची सगळीच पोरं सौदी, त्यामुळे ती हरून हरून वर चालली होती. परिपत्रक महिन्यापूर्वीच आलं होतं. ते डॉ. सालेहांच्या ड्रॉवरमध्ये खजुराच्या डब्याखाली सापडलं.

"म्हणजे आपण लाल आहोत?" डॉक्टरांचा चेहरा पडला. हरल्यापेक्षा टीम लाल आहे याचं त्यांना जास्त लागलं. "मुहंदिस, पुढच्या मॅचला तुम्ही मोजा. कोण आत, कोण बाहेर. चूक नको."

मोजणं? अहो, तो तर माझा धंदा!

खेळाडूंच्या यादीत नुसते कॉलेजचे रोल नंबर होते, देश लिहिलेला नव्हता. ऑफिसातून आयडी कार्डांच्या कॉपी मागवता आल्या असत्या. पण त्या मी का मागवेन? बारा वर्षं या देशात काढली होती मी. सौदी माणूस मला शंभर फुटांवरून ओळखता येतो. तोब, म्हणजे तो पायघोळ पांढरा अंगरखा, कसा घालतो, कॉफी पुरे झाली की कप कसा हलवतो, 'इन्शाल्ला' म्हणताना काम होणार आहे की नाही, सगळं कळतं. मी पेन काढलं आणि दहा मिनिटांत प्रत्येक नावापुढे खूण केली. सौदी, बाहेरचा, सौदी, बाहेरचा.

आमचा कॅप्टन यासिर. त्याच्यापुढे खूण करताना मी थांबलोसुद्धा नाही. अस्सल इथला. बोलणं इतकं इथलं की माझी मोडकीतोडकी अरबी तो हसून दुरुस्त करायचा. "या उस्ताद, असं म्हणालात तर दुकानदार दुप्पट भाव लावेल." सौदी. तारिक नावाचा एक होता, उलटी टोपी, अर्धी पँट, आर्नेलशी फाडफाड अमेरिकन इंग्लिश. तोब कधी अंगावर बघितला नाही. असेल लेबनॉनचा, नाहीतर सीरियाचा. बाहेरचा.

जुबैलशी मॅच झाली. खेळाडू बदलायचा असेल तर आत जाणारा आधी आमच्या टेबलापाशी येतो. प्रत्येक वेळी मी बोटं मोजत होतो. पाचांत तीन, पाचांत तीन. बाहेरच्यांच्या दोन जागा भरलेल्या, म्हणून तारिकला बाकावरून उठू दिलं नाही. आम्ही नऊ पॉइंट्सनी जिंकेपर्यंत बिचारा टाळ्या वाजवत बसला.

रविवारी तक्ता आला. ०–२०.

मी भडकलोच. फोन उचलला आणि खुशाली न विचारता सुरू झालो. "अबू फहद, हे काय चाललंय? मी स्वतः मोजलंय! यासिर, मिशाल—"

"यासिरचा आयडी नंबर वाचा."

ऑफिसातून मागवला. वाचायला लागलो.

"सगळा नको. पहिला आकडा फक्त."

"दोन," मी म्हणालो.

सौदीत राहणाऱ्या कुणालाही विचारा. नंबर एकने सुरू झाला तर माणूस सौदी. दोनने सुरू झाला तर आपल्यासारखा, इकाम्यावर राहणारा. इकामा म्हणजे राहायचा परवाना. माझा नंबर दोनने सुरू होतो. माझी मुलगी रेवा दम्मामला जन्मली, तिचाही दोनने. बारा वर्षं हा आकडा खिशात घेऊन फिरतोय आणि तो बघायचं मला सुचलं नाही.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, पुतण्याच्या लग्नात तुम्ही नवरीच्या बहिणीला नवरी समजून आहेर दिलात. आणि तुम्ही म्हणे सौदी ओळखताय!"

दुसऱ्या दिवशी यासिर केबिनमध्ये आला. उभाच राहिला.

"उस्ताद, अजून एकदा झालं तर टीम बाहेर, हे खरं?"

"खरं आहे. चूक माझी आहे. मला वाटलं तू सौदी आहेस."

तो हसला. "मलाही वाटायचं. शाळा संपेपर्यंत."

मग त्याने सांगितलं. आजोबा येमेनमधून आले, वडील इथेच वाढले, तो इथेच जन्मला. त्याने येमेन बघितलेलं नाही. तो बावीस वर्षांचा होता. मुलगा एकवीसच्या पुढे गेला की वडिलांच्या इकाम्यावर राहायला तो शिकतोय असा कॉलेजचा कागद लागतो. त्याला कॉलेजात जागा मिळाली होती ती खेळाडूंच्या कोट्यातून. टीम बाहेर गेली की कोटा बंद, कोटा बंद की जागा गेली, जागा गेली की कागद नाही. आणि कागद नाही तर...

"जायचं कुठे ते वडिलांनाही माहीत नाही," तो म्हणाला.

मी पाणी दिलं. डॉ. सालेहांकडे गेलो. ते वाईट माणूस नव्हते. "खैर, कोटा माझा नाही, वरचा आहे. टीम राहिली तर सही करतो. टीम राहू दे."

गुरुवारी दम्मामशी मॅच. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर सुरुवात. सुरू व्हायच्या आधी मी चहाचा ट्रे घेऊन मैदानावर गेलो. चहा नव्हता त्यात.

"सगळ्यांनी आपापली कार्डं यात टाका."

पोरं हसायला लागली. आर्नेलने आपलंही टाकलं. मी चष्मा लावून एकेक कार्ड उचललं. एक, दोन, दोन, एक. तारिकचं कार्ड उचललं. एक. परत बघितलं. एकच.

"तू सौदी?"

"येस सर. वडील शिकायला होते ना, मी टेक्ससला वाढलो. तुम्ही कधी विचारलं नाही."

बोंबला! म्हणजे सौदी बाकावर आणि येमेनी आत, असं मीच करून ठेवलं होतं. आता नीट हिशोब लागला. नऊ खेळाडू, त्यांत चार सौदी. तीन आत, एक राखीव. यासिर बिनधास्त आत राहू शकत होता, कारण बाहेरच्यांच्या दोन जागा होत्याच. मला वाटलं, चला, सुटलो.

सुटलो कसला! बास्केटबॉलमध्ये एका खेळाडूचे पाच फाउल झाले की तो बाहेर, परत आत येणे नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमचा एक सौदी पाच फाउल करून बाहेर गेला. राहिले नेमके तीन. चौथ्या क्वार्टरमध्ये मिशालचे चार फाउल झाले. मिशाल म्हणजे अंगाने दणकट, डोक्याने गरम. अजून एक फाउल, की दोनच सौदी आणि लीग संपली. खेळ संपायला चार मिनिटं, आणि आम्ही तीन पॉइंट्सनी पुढे.

मी आर्नेलला खूण केली. त्याने टाइमआउट घेतला, म्हणजे एक मिनिट खेळ थांबला. मी टेबल सोडून जायचं नसतं, पण गेलो.

"मिशालला अजून फाउल नको. काही झालं तरी नको."

"सर, मिशालने त्यांचा तो उंच पोरगा अडवला नाही तर आपण हरू."

"माहितीये."

मिशाल उसळला. "मी का हात बांधून उभा राहू? आपण जिंकतोय!"

यासिरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हळू आवाजात काहीतरी म्हणाला, मला अर्धंच समजलं. पण शेवटचं समजलं. "हात मागे. माझ्यासाठी."

शेवटची चार मिनिटं मिशाल पाठीमागे हात बांधून उभा राहिला. खरंच सांगतो, मी असला डिफेन्स आयुष्यात बघितला नाही. दम्मामचा उंच पोरगा त्याच्या शेजारून जायचा, बॉल टाकायचा, परत जायचा. पहिल्यांदा त्यालाच लाज वाटली, थांबून मिशालकडे बघत राहिला. बघणारे ओरडत होते, शिट्ट्या मारत होते. मिशालच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात सुटले नाहीत. दुसऱ्या बाजूला यासिर एकटा धावत होता, बास्केट करत होता, परत येत होता. आणि मी बोटं मोजत होतो. पाचांत तीन. पाचांत तीन.

शेवटची शिट्टी. ६१–६५. आम्ही हरलो.

रविवारी सकाळी तक्ता आला. आर्नेलने उघडला. ६१–६५. जसाच्या तसा. सीझन सुरू झाल्यापासून आमच्या मैदानावर जे घडलं तेच कागदावर आलं असं पहिल्यांदाच झालं होतं. मी कागद घेऊन धावतच डॉ. सालेहांकडे गेलो.

"हरलो ना?"

"हो डॉक्टर, हरलो! चार पॉइंट्सनी!"

"अल्हम्दुलिल्लाह," ते म्हणाले आणि यासिरच्या कागदावर सही केली.

पुढे टीम चौथी आली. हफूफ शेवटपर्यंत पहिल्या तिघांत राहिली, कशी ते आता सांगायला नको. यासिरचा डिप्लोमा पूर्ण झाला, तो जुबैलला एका वर्कशॉपमध्ये लागला. आधी ट्रेनी म्हणून, मग स्वतःच्या इकाम्यावर. मिशाल मला त्यानंतर वर्षभर वर्गात बघूनही ओळख द्यायचा नाही. दोन वर्षांनी माझी पोस्ट सौदी झाली. माझ्या जागी आला तो तारिक. मी त्याला तीन महिने सगळं शिकवलं, गेज कसं तपासायचं, रिपोर्ट कसा लिहायचा. पोरगा हुशार निघाला.

एवढ्यातून मी शिकलो ते एकच. आमच्या धंद्यात कुठलंही गेज लावायच्या आधी ते शून्यावर आणून तपासतात. त्या मैदानावर मोजणारं यंत्र मीच होतो, आणि मला कुणीच तपासलं नव्हतं.