ट्रॅकवरचं पाणी जातंय कुठे?

जीपवाल्यांनो, हरकतीवर सह्या करायच्या आधी हे वाचा.

टिटवाळ्यापलीकडचा आपला डोंगरातला ट्रॅक पावसाळ्यात बंद, माळावर तंबूही मोजकेच, असा प्रस्ताव आल्यापासून सगळ्यात जास्त मीच भडकलेलो. ट्रॅक ठणठणीत आहे हे दाखवायला आज सकाळी मी आणि मंदार व्हिडिओ काढायला गेलेलो.

कड्यावरचं सगळं पाणी आपल्याच टायरच्या खोल चाकोऱ्यांतून माळाकडे धावत होतं. पण माळावर पाणी दिसेचना.

"अरे, जातंय कुठे हे?" मंदार म्हणाला.

आपण तंबू ठोकतो तिथलं गवत बाजूला केलं. जमिनीला लांबलचक भेग पडलेली आणि पाणी तिच्यात शिरत होतं. तंबूचा दांडा आत घातला, तर तळ लागेना. बरोबर खाली पाड्यातल्या घरांवर चुलीचा धूर.

तहसीलला फोन केला, माणूस पाठवतो म्हणाले. पाड्यात जाऊन सांगितलं, माळ खाली येऊ शकतो, आज रात्री घरात थांबू नका. एका काकांनी एवढंच विचारलं, "मग आज झोपायचं कुठं आम्ही?"

ग्रुपवर तुमचं चालूच आहे, व्हिडिओ टाक. टाकलाय. शेवटपर्यंत बघा.

इथे डोंबिवलीत पुन्हा जोर धरलाय पावसाने. काकांना काय सांगू, बोला.