मालकांच्या अंगात माझं रक्त

आमच्या ढवळ्यानं मालकांना शिंगावर घेतलं, त्यात ढवळ्याची काही चूक नव्हती. पोळ्यासाठी शिंगांना हिंगूळ लावताना हे त्याच्या कानातच शिंकले!

मांडी फाटली. रक्त काही थांबेना. बैलगाडीनं कळंब, तिथून मोटारीनं उस्मानाबादचा मोठा दवाखाना. डॉक्टर म्हणाले, "रक्त फार गेलंय. दुसऱ्याचं भरलं नाही तर वाचणं कठीण. आणि ते दुकानात मिळत नाही, माणसानंच द्यावं लागतं."

थोरले दीर पैलवान. त्यांनी सुई बघितली आणि म्हणाले, "म्या बैलांना पाणी दाखवून येतो." (बैल कळंबला होते!) सासूबाईंनी दंड पुढं केला, "माझं घ्या, सगळं घ्या!" पण त्यांच्याच अंगात रक्त कमी.

मी दाराआड उभी. परक्या पुरुषाशी मी जन्मात बोलले नव्हते. त्या दिवशी सासूबाईंच्या कानाशी लागले. त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "सायेब, ही म्हणतीया माझं घ्या." आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

"अगं बया! बायकूचं रगत नवऱ्याच्या अंगात? मग ही दोघं भाऊ-बहीण न्हाय का होणार?"

डॉक्टरांचा हात थांबला. (खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. पण भाऊ म्हणून का होईना, माणूस जगू दे!)

"आजी, मुलाला म्हशीचं दूध पाजलं होतं?"

"व्हय की. तांब्या तांब्या."

"मग त्याचं रेडकू झालं का?"

सासूबाईंनी खाटेवरच्या लेकाकडं नीट निरखून बघितलं. "पुरतं न्हाय झालं," त्या म्हणाल्या. "घ्या रगत."

माझं रक्त जुळलं. बाटली भरली. थेंब थेंब त्यांच्या अंगात जाऊ लागलं. सांजेला ओठांवर रंग आला, डोळे उघडले.

"कुणाचं रगत हाय?"

"तुज्या बायकूचं."

हे माझ्याकडं बघत बारीक आवाजात म्हणाले, "तरीच! मगापासनं उगंच लाज वाटायलीय."

चारचौघांत नवरा असं बोलला! सुई टोचताना हूं की चूं न केलेली मी, तिथंच धाडकन पडले. मला शेजारच्या खाटेवर घातलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, "सायेब, आता हिला कुणाचं देता?"

थोरले दीर तेवढ्यात परतले होते. माझ्याकडं बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, बाही वर सारून म्हणाले, "माझं घ्या!"

डॉक्टर हसले. "हिला गूळ-शेंगा पुरे. पण तुमचं पलीकडच्या बाळंतिणीला जुळतं का बघू. बसा इथंच!"

मी तर केव्हाच शुद्धीवर आले होते. पण मोठे दीर समोर, डोक्यावरचा पदर घसरलेला, उठायचं कसं? त्यांची बाटली भरेपर्यंत मी डोळे मिटून मेल्यासारखी पडून राहिले.